उत्तर यायला लागणारा वेळ

"चहा टाकू?" असं विचारून अनघा सवयीने बाल्कनीतले कपडे काढायला निघून गेली. श्रीरंगने लगेच "टाक" म्हटलं, पण ऐकायला खोलीत कोणीच नव्हतं.

तिच्या नवऱ्याला घरी परतून आठवडा झाला होता. त्याआधी कित्येक वर्षं तो सूर्याभोवती फिरणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या देखभालीला होता. ती दुर्बीण आणि पृथ्वीवरची तिची जोडीदार दुर्बीण एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं कृष्णविवराचं चित्र रेखीव यायचं. म्हणून तिची कक्षा दर वर्षी आणखी लांब नेली गेली, आणि श्रीरंगचा आवाज घरी आणखी उशिरा पोचू लागला. प्रश्न विचारायचा, भाजी चिरायची, कुकर लावायचा आणि मग उत्तर ऐकायचं, असाच त्यांचा संसार झाला.

कपड्यांचा ढीग घेऊन ती आत आली. "काय म्हणालास?"

"टाक म्हणालो की. केव्हाच."

दोघंही दमल्यासारखे हसले. चहाचं राहू देऊन ती त्याच्या समोर बसली.

"संस्थेवाले अजून लांबची कक्षा ठरवताहेत म्हणे. पुन्हा बोलावलं, तर जाशील?"

या वेळी ती उठून गेली नाही. मांडीवरच्या टॉवेलची तिने घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. श्रीरंग भिंतीवरच्या कृष्णविवराच्या चित्राकडे बघत होता.

दोघांच्या मध्ये फक्त एक टीपॉय होता. एवढ्या अंतरावरून उत्तर यायला वेळ लागत नाही, हे तिला कळत होतं.

ती चहा टाकायला उठली.