फणसळकरांचा हात

नीलाक्षीनं हातमोजा काढून टेबलावर ठेवला.

"हा बाबांचा हात नाही. त्यांचा थरथर कापायचा."

तिच्या वडिलांनी, वैमानिक फणसळकरांनी, मृत्यूआधी युद्धातल्या एका उड्डाणाची आठवण आपल्या मेंदूतून उतरवून संग्रहालयाला दिली होती. मोजा घातला की विमान चालवायच्या दांड्यावरचा तरुण फणसळकरांचा हात कुणालाही आपल्या हातात जाणवे.

"कंप आम्ही गाळलाय, ताई," संग्रहपाल रेगे म्हणाले. "म्हातारपणाचा असणार. आठवणीत मिसळला होता."

"म्हातारपणाचा? युद्धावरून आले आणि महिन्याभरात आईशी लग्न झालं. हार घालताना हात इतका कापत होता, की भटजी म्हणाले, अहो, विमान कसं उतरवता तुम्ही?"

रेगे हसले, पण लगेच सावरले. "इथे शाळेची मुलं येतात. शूर माणसाचा हात असा कसा दाखवू? आणि संमतीपत्रावर तुमची सही नसेल, तर ही आठवण पुसावी लागेल."

नीलाक्षीनं टेबलावरच्या मोज्याकडे पाहिलं. बाबांचं एवढंच उरलं होतं.

"पुसा," ती म्हणाली. "पण आधी एकदा कंपासकट घालून बघा."

रेग्यांनी मूळ आठवण लावली आणि मोजा चढवला. त्यांच्या हाताला कापरं भरलं. दांड्याला हादरे बसू लागले, तसा मोजा काढून फेकावा असं त्यांना वाटलं. पण आतला हात थरथरत होता आणि दांडा सोडत नव्हता. विमान जमिनीला टेकेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.