हिरवे घोस

किशनरावांनी वसमतजवळच्या मळ्यात वाइनसाठी काळी द्राक्षं लावली होती. घोस अजून हिरवेच होते, तेव्हा त्यांनी मजूर भागूबाईला सांगितलं, "बारके घोस तोडून खाली टाक. मंग राहिलेल्यात रस भरतो."

भागूबाईनं घोस तोडले, पण खाली एकही टाकला नाही. सगळे पदरात घेतले.

"आंबटढाण हायेत ते. काहून घेऊन राहिलीस?"

तिनं पदराला घट्ट गाठ मारली.

दिवस मावळताना ती नाल्याकाठच्या बोरीखाली बसली. बहात्तरच्या दुष्काळात धाकट्या लेकीला तिथंच पुरलं होतं. तिनं पदर सोडला आणि एकेक घोस मातीवर ठेवला.

"खा, माय. तुझ्या वाट्याची भाकर म्या थोरल्या दोघांना घातली. ते जगले."