द्यायचे राहिले

बेकरीवाल्याने पाकिटाला हातच लावला नाही.

"हे कशाचे?" त्याने विचारलं.

"बाबांचे तुम्हाला द्यायचे राहिले होते," ती म्हणाली. "अठरा हजार. उशीर झाला, माफ करा."

'कर्ज' हा शब्द तिने मुद्दाम टाळला. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्या नावापुढे तो शब्द लावायला तिची जीभ रेटत नव्हती.

बेकरीवाला मैद्याच्या पोत्यावर टेकला. "त्यांच्या लक्षात होतं?"

"लिहून ठेवलं होतं."

"काय माणूस!" तो म्हणाला आणि उगाचच त्याने भट्टीचं दार उघडून बंद केलं.

"व्याजाचं काय ते सांगा."

"व्याज? पोरी, म्हाताऱ्याची थट्टा करतेस होय?"

तिचे वडील प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनवायचे. फुंकणीच्या टोकावर काच फुगवून केलेले त्यांचे चंबू तळाशी कुठेही जाड-पातळ नसत. मग प्लास्टिक आलं आणि धंदा बसला. ते गेल्यावर टेबलाच्या खणात एक कागद सापडला. वर त्यांच्या रेखीव अक्षरात 'द्यायचे राहिले' आणि खाली सात नावं, प्रत्येकापुढे आकडा. बेरीज साडेपाच लाखांवर जात होती.

तिला नवल वाटलं नाही. बाबांना कुणालाच 'नाही' म्हणता येत नसे. असा माणूस कर्जात बुडणारच.

"सही आहे? साक्षीदार?" दादाने विचारलं होतं.

"अक्षर बाबांचं आहे."

"मग फेडायलाही बाबांनाच बोलाव." वहिनी हसू आवरत म्हणाली. "अगं, सातांपैकी एकाने तरी आपलं दार ठोठावलंय का?"

"म्हणून तर आपण जायचं."

"आपण नाही. तू. आणि पायातल्या चपला आधी बदल, अंगठा बाहेर आलाय."

चपला तिने बदलल्या नाहीत, शिवून घेतल्या. कागद खणात परत न ठेवता टेबलासमोरच्या भिंतीवर लावला, म्हणजे जेवताना, लिहिताना तो डोळ्यांपुढे राहील. सर्वांत लहान आकड्यापासून सुरुवात करायची असं ठरवलं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. पगाराचा निम्मा भाग बाजूला पडू लागला. बाबांची काच वितळवायची भट्टीही विकली.

दूरच्या एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली होती. दोन वर्षं, विद्यावेतन जेमतेम पोटापुरतं. तिने 'पुढच्या वर्षी येते' असं कळवलं. मग पुन्हा तेच कळवलं. तिसऱ्यांदा तिथल्या वृद्ध संचालिकाबाईंनी उत्तर पाठवलं: 'मी थांबेन, पण माझी निवृत्ती थांबणार नाही.'

शिंप्याचे झाले. त्याने बायकोला आतून बोलावलं आणि तिच्यासमोर 'बाबांचे द्यायचे राहिले होते' हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. छापखानेवाल्याने ऐकू यावं म्हणून यंत्र बंद केलं, ऐकलं, आणि नंतर बराच वेळ ते चालू करायचं विसरला. कुणी किती दिवस लागले हे विचारलं नाही, कुणी एक पैसा जास्त मागितला नाही. असे घेणेकरी सगळ्यांना मिळोत, असं तिला वाटे.

सातव्या वर्षी कागदावर एकच नाव उरलं. सिस्टर. दोन लाख दहा हजार. संस्थेचं शेवटचं पत्र आलं होतं: एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. तिच्याकडे चाळीस हजार कमी होते.

दादा स्वतः येऊन पाकीट ठेवून गेला.

"बाबा माझेही होते," तो दाराकडे बघत म्हणाला. "कोपऱ्यावरचा वाणी मला म्हणतो, तुमची बहीण म्हणजे सोनं. सात वर्षं ऐकतोय. कान किटले."

"दादा..."

"रडू नकोस, मला जमत नाही ते. फक्त या वेळी पावती घे. एवढी मोठी रक्कम, काहीतरी लेखी असू दे."

तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच पावती लिहिली आणि भिंतीवरचा कागद काढून सोबत घेतला. शेवटचं नाव सिस्टरांच्या समोरच खोडायचं होतं.

सिस्टर रुग्णालयातून कधीच्या निवृत्त झाल्या होत्या. खोली दोन पावलांची, पण पलंगावरची चादर चारही कोपऱ्यांना ताठ खोचलेली. तिने नेहमीचं वाक्य म्हटलं. सिस्टरांनी पाकीट दोन्ही हातांत धरलं.

"माणूस गेला, तरी शब्दाला जागला," त्या म्हणाल्या. "आणि तू त्याची खरी मुलगी. उन्हात इतकी चालत आलीस. पाणी घे आधी."

ती पाणी प्यायली. सात वर्षांत पहिल्यांदाच तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं.

"इथे एक सही कराल? दादाला हवी आहे."

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही हं. चाळीस वर्षं औषधांच्या कागदांवर केल्या आहेत, सवय जात नाही."

त्यांनी चष्मा लावला आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचू लागल्या. 'माझ्या वडिलांना आपण दिलेल्या कर्जाची...' इथे बोट थांबलं. त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग टेबलावर ठेवलेला सात नावांचा कागद जवळ ओढला आणि तो वरून खालपर्यंत पाहिला.

"हे चुकीचं लिहिलंयस, बाळ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी त्यांना काही दिलं नव्हतं. मी मागायला गेले होते, ते 'देतो' म्हणाले होते. माझ्या आधी हा बेकरीवाला येऊन बसला होता, तोही मागायलाच."