तीन मिनिटांचं पाणी

“पाण्याकडे बघ, एर्सिलिया. आत तूच कोंडली गेली आहेस असं समज. आणि मग रड.”

दिग्दर्शक ओरेस्ते मालफांतीला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्याचा हा आवाज आज पुन्हा आला, तोही माळ जपताना. एर्सिलिया मणी चुकली. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकली. शेवटी माळ खिशात टाकून ती चर्चच्या सभागृहात गेली.

बैठक सुरू झाली होती. किओज्जाच्या चित्रपट मंडळात आता तिघंच उरले होते: फादर तुल्लिओ, औषधांचं दुकान मुलीला देऊन बसलेला ग्वाल्तिएरो आणि ती. ओरेस्तेनं याच गावात काढलेल्या ‘चौथी होडी’ला पन्नास वर्षं होत होती. शुक्रवारी तो सिनेमा दाखवायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

“ओरेस्ते माणूस म्हणून हलकट होता, मान्य,” ग्वाल्तिएरो म्हणत होता. “पण सिनेमानं काय पाप केलंय? पाववाल्याचं घरात कसं वागणं आहे, हे विचारून मी पाव घेत नाही.”

“पाववाला पावासाठी कुणाला कोंडत नाही,” एर्सिलिया हळू आवाजात म्हणाली.

“कोंडलं असं नेरिना म्हणते.”

नेरिना त्या सिनेमाची नायिका. तेव्हा एकोणीस वर्षांची. होड्या ठेवायच्या कोठारात ती लपते आणि भरतीचं पाणी चढत जातं, असा तो प्रसंग. पडद्यावर तीन मिनिटं फक्त बाहेरची भिंत आणि चढतं पाणी दिसतं. आतून मुलीचं रडणं ऐकू येतं. ओरेस्तेनं मागच्या दाराला खरोखरच कडी घातली होती आणि पाणी गळ्याशी येईपर्यंत काढली नव्हती, असं नेरिनानं नंतर सांगितलं. दार बडवताना तिची दोन बोटं मोडली. ओरेस्ते म्हणाला, दार उघडंच होतं, पोरगी घाबरून पडली. लोकांनी ओरेस्तेचं ऐकलं. नेरिनाला पुन्हा काम मिळालं नाही.

“आणि समजा, कोंडलं असेल,” ग्वाल्तिएरो थांबेना. “तरी त्यातलं सिनेमात काय आलं? भिंत आणि पाणी. आवाज तर आपल्या एर्सिलियाचा. फादर, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला माहीत नसेल. त्या काळी सेटवरचा आवाज नुसता अंदाजासाठी घ्यायचे आणि फेकून द्यायचे. रोमच्या स्टुडिओत दुसऱ्याच बायका बोलायच्या. ही लोकरी स्वेटर घालून, पाण्याचा पेला हातात धरून रडली, आणि सगळा देश रडला. ‘कडी काढा’ हे शब्दसुद्धा हिचेच. पटकथेत नव्हते. आता त्या ओरेस्तेपायी हिची कला पुरायची का?”

“माझ्या कलेचं राहू दे.”

“बघा, हा विनय. अगं, त्या दोन शब्दांवर तुला आवाजाचं बक्षीस मिळालं. मुली तुझ्याकडे शिकायला यायच्या.”

एर्सिलिया उठली, खिडकी लावली, परत येऊन बसली. पुन्हा उठून तिनं ती उघडली.

“तुम्हाला बरं वाटत नाही का, एर्सिलियाबाई?” फादरनी विचारलं.

“बरी आहे. फादर, बाकीचा सिनेमा त्या माणसापासून खुशाल वेगळा काढा. ती तीन मिनिटं नाही निघत.”

“कशी निघत नाहीत?” ग्वाल्तिएरो हसला. “तुझीच तर आहेत ती. त्याची नाहीतच.”

फादर बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले. मग म्हणाले, “मला हे पटतं. कुणी खरंच जे सहन केलं ते दाखवायचं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण हे तर रचलेलं आहे. एर्सिलियाबाईंनी आधी दोन शब्द बोलावेत, स्टुडिओत ते कसं घडलं ते सांगावं. मग दाखवू. त्या बोलणार नसतील तर रद्द.”

दोघं तिच्याकडे बघू लागले.

“बोलेन,” एर्सिलिया म्हणाली.

तिथून ती सरळ सिस्टरांच्या वृद्धाश्रमात गेली. नेरिना मटार सोलत होती, दोन वाकडी बोटं बाजूला धरून.

“दाखवणार ना?” वर न बघता तिनं विचारलं.

“शुक्रवारी. मी आधी बोलणार आहे.”

“बोल बाई. तुझं कौतुक आहे, तू जाणारच. मी काही तो सिनेमा कधी बघितला नाही. तू छान रडतेस म्हणतात.”

एर्सिलियानं एक शेंग उचलली, सोलली नाही, परत ठेवली.

“तेव्हा पेपरवाल्यांनी तुला विचारलं होतं,” नेरिना म्हणाली. “तू म्हणालीस, मी सेटवर नव्हते, मला काय माहीत. खरंच होतं ते. पण त्यांनी छापलं की नेरिनाचं म्हणणं कुणालाच माहीत नाही. या वेळी एवढंच कर. मी खोटी आहे असं तुझ्या बोलण्यातून निघायला नको.”

“नाही निघणार. शब्द देते.”

“शब्द काय, तू आवाज देणारी,” नेरिना म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. “खा मटार, कोवळे आहेत.”

शुक्रवारपर्यंत एर्सिलियाला धड जेवण गेलं नाही. ईस्टरआधीचा लेंटचा उपास आहे, असं ती शेजारणीला सांगत राहिली. शुक्रवारी सहा वाजता तिनं कोट घातला, बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा लावली. भिंतीवरचं बक्षीस काढून कापडी पिशवीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

सभागृह पुलापलीकडेच होतं. पहिलं वाक्य ती चालता चालता पुटपुटत होती: “मी सात वेळा रडले, सातही वेळा ओरेस्तेला पटलं नाही, म्हणून त्यानं सेटवरचा कच्चा आवाजच ठेवला, आणि गेली पन्नास वर्षं ‘कडी काढा’ म्हणताना तुम्ही ऐकताय ती नेरिना आहे.”