पुरवठा सुरळीत आहे

“पाणी बंद करायचं नाही,” दहशतवादविरोधी पथकाचा अधिकारी म्हणाला. “बंद केलंत की तो सावध होईल. त्याला टाकीपाशी येऊ द्या. तिथे माझी माणसं आहेत.”

जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रमुख बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. खिडकीबाहेर सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. पंप घुमत होते, माळी गवत कापत होता. आणि आतलाच कोणीतरी माणूस आज शहराच्या पिण्याच्या पाण्यात विष कालवणार होता. कोण, ते पोलिसांनाही ठाऊक नव्हतं.

टेबलावरच्या फोनमधून कंपनीच्या संचालकांचा आवाज आला, “साहेब म्हणतात तसंच करा. सरकारला संपूर्ण सहकार्य. आणि बाहेर चकार शब्द नको. लोक बिथरले तर कंत्राट हातचं जाईल.”

“घरीसुद्धा नको,” अधिकाऱ्याने बजावलं.

बाईंना घर आठवलं. सासूबाई आत्ता स्वयंपाकाला लागल्या असतील. मुलगा शाळेच्या नळावर बाटली भरत असेल. इतक्या वर्षांत सरकार आणि कंपनी यांचं साध्या कुंपणावरूनही कधी जमलं नव्हतं. आज नेमकं दोघांचं एकमत झालं होतं.

बसवेना म्हणून त्या बाहेर पडल्या. भेटेल तो हसून नमस्कार करत होता, आणि बाईंना चेहऱ्यांऐवजी हातच दिसत होते. फिटरच्या हातातली पिशवी. झाडूवालीची झाकलेली बादली. कालपर्यंत ही सगळी आपली माणसं होती.

जिन्याखाली तोच अधिकारी पाठमोरा उभा होता. फोन कानाला, आवाज दबका.

“आज नळाचं पाणी कोणी प्यायचं नाही. पोरांनाही देऊ नकोस. का ते विचारू नकोस, सांगतो तेवढं ऐक.”

बाई आल्या पावली वळल्या, तडक नियंत्रण कक्षात गेल्या.

“मुख्य लाइन बंद कर,” त्या ऑपरेटरला म्हणाल्या.

“पण बाई...”

“माझ्या जबाबदारीवर. कर.”

पंपांची घरघर उतरत उतरत थांबली. अधिकारी धापा टाकत आला. “काय करून बसलात हे!”

“तुम्ही तुमच्या घरासाठी केलंत तेच,” बाई म्हणाल्या. “माझ्यावर जरा जास्त घरं आहेत, एवढंच.”

अधिकाऱ्याने सगळ्यांना आवारात गोळा करायला लावलं. सगळे आले, कुरकुरत, कुजबुजत. आला नाही तो फक्त प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. थेंबन् थेंब तपासायचा म्हणून सगळे त्याला थेंबे म्हणत.

प्रयोगशाळेचं दार आतून लावलेलं होतं. पोलिसांनी ते फोडलं. थेंबे जमिनीवर बसला होता, मांडीवर एक डबा घेऊन. डब्याचं झाकण सीलबंद होतं. समोर रोखलेल्या बंदुकांकडे त्याने पाहिलंही नाही.

“बाई, पाणी का थांबलं?”

“मी थांबवलं.”

त्याच्या तोंडून भलताच आवाज निघाला. “चालू करा! आधी चालू करा! मी काही टाकलेलं नाही, माझे हातच उचलेनात. माझ्या घरी एकजण येऊन बसलाय, बाई. बायको, पोरगी, दोघी त्याच्यासमोर आहेत. आमच्याकडे टाकी नाही, थेट लाइनचा नळ. तो म्हणाला, नळ कोरडा पडला की समजेन, तू तोंड उघडलंस.”

बाई धावत सुटल्या. मागे अधिकारी वायरलेसवर थेंबेचा पत्ता ओरडून सांगत होता. नियंत्रण कक्षात ऑपरेटरच्या आधी त्यांचाच हात बटणावर पडला. पंप पुन्हा घुमू लागले. पाणी निघालं, पण नळापर्यंत पोचायला त्याला अख्खं शहर ओलांडायचं होतं.

मग नुसती वाट बघणं. बेड्या घातलेल्या थेंबेला तिथेच खुर्चीत बसवलं होतं. फोन खणखणत होते आणि ऑपरेटर प्रत्येकाला तेच सांगत होता, “पुरवठा सुरळीत आहे. हो, आता सुरळीत आहे.”

“किती वेळ बंद होतं?” थेंबेने विचारलं. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

वायरलेस खरखरला. “पोचलो, साहेब. दाराला बाहेरून कडी आहे. हाका मारल्या, कोणी ओ देत नाही. आत नळ वाहतोय, तेवढाच आवाज. उघडू?”

“म्हणजे पाणी पोचलं,” ऑपरेटरने सुटकेचा श्वास सोडला.

थेंबेने मान वर केली.

“माझी बायको नळ कधी असा वाहता ठेवत नाही,” तो म्हणाला.