मोहोर लागलेली बंदूक

“मना माणूस तुमनी शिकारमा गया, नि तुम्ही त्या बंदूकना पैसा करतस?”

साक्रीच्या कचेरीच्या अंगणात वच्छलाबाईनं साहेबाला तोंडावर विचारलं. साहेब खुर्चीत पाय लांब करून बसला होता. सरकारजमा झालेल्या जुन्या बंदुकांचा लिलाव होता. किंमत करायला मेहरूणचा बंदुका दुरुस्त करणारा हाशम मिस्त्री बोलावला होता.

“बाई, ज्यानं मारलं तो फासावर गेला,” साहेब म्हणाला. “आता लाकडा-लोखंडाशी कसलं वैर?”

वैर होतं. सदतीसच्या हिवाळ्यात साहेबाच्या शिकारीत तिचा नवरा अभिमन जनावर उठवायला हाका घालत गेला. बंदुका दोनच. साहेबाची विलायती आणि गावच्या हिलालची ठासणीची, नळीच्या तोंडातून एका बारापुरती भरायची. झाडीत एकच बार झाला आणि अभिमन पडला. शिपायांनी हिलालला बंदुकीसकट जागेवर धरला आणि तंबूपाशी आणला. वच्छलाबाई तिथंच भाकरी थापत होती. तिच्यासमोरच साहेबानं घाईघाईनं हिलालच्या बंदुकीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि लाखेची मोहोर ठोकली.

हिलालचं नि अभिमनचं बांधावरून वाजलं होतं, हे कोर्टात तिनंच सांगितलं. कोर्टाला तेवढं पुरलं. पुढं हिलालची आई रस्त्यात दिसली की ही थुंकायची.

तरी हिलाल जाईना. डोळा लागला की उंबऱ्यात उभा. बोलत नाही. नुसती बंदूक पुढं करतो, नळीचं तोंड तिच्या डोळ्यांसमोर आणतो. मेल्यावरही नेम धरतो मेला. बंदूक मोडली तर सुटका होईल, एवढंच ती धरून बसली होती.

“भाऊ, भंगार शे असं सांगा,” ती हाशमला म्हणाली. “मोडी टाका.”

“अक्का, हात न लावता मोल केलं तर माझा बाप कबरीतून उठून कान धरील.”

त्यानं पहिली बंदूक घेतली. लोखंडी गज नळीत सोडला. टणकन बुडाशी वाजला. “रिकामी. दस्ता किड्यांनी खाल्लाय. हिनं चिमणीवर नेम धरला तर चिमणी हसेल.”

लोक हसले.

मग हिलालची आली. शिसवी दस्ता, चापाशी चांदीचं फूल. “आजोबाच्या काळचं काम. चाळीस रुपयांना मरण नाही.”

साहेबानं मान डोलावली. वच्छलाबाईनं पदर दातात धरला.

हाशमनं मोहोर निरखली. शाबूत होती. ती फोडून त्यानं फडकं सोडलं, गज आत टाकला. गज वाजला नाही. मऊ काहीतरी लागलं आणि तो वीतभर बाहेरच राहिला.

“राहू दे मिस्त्री,” साहेब म्हणाला. पाय त्यानं जवळ घेतले होते. “किंमत झाली ना?”

हाशमनं गजाच्या टोकाला आकडा लावला, पिळून ओढला. काथ्याचा बोळा निघाला. नळी उलटी करून ठोकली. वच्छलाबाईच्या पायांपुढं छर्रे सांडले. मागून दुसरा बोळा, मग काळी दारू.

“भरलेली आहे,” हाशम हळू म्हणाला. “मोहोर लागली तेव्हाही भरलेलीच होती, अक्का. हिचा बार झालाच नाही.”

वच्छलाबाईनं वाकून नळीत पाहिलं. रोज रात्री हिलाल पुढं करायचा तीच नळी.

मग ती साहेबाकडं वळली.

“ते मंग साहेब, मना माणूसले कोणी मारं?”