ब्रेकला खोबरेल

अरे ऐका ना! आमची ती बारा वर्षं जुनी छोटी एसयूव्ही, ब्रेक दाबला की डुकरासारखी किंचाळायची. मी अण्णांच्या मागे लागलेलो, पॅड झिजलेत, बदलतो, आणि गाडी मला द्या. अण्णा म्हणाले, "तुला सायकल धड सांभाळता आली नाही. विकून टाकतो."

रविवारी घाग सर गाडी बघायला येणार होते. सकाळीच अण्णांनी पुढची दोन्ही चाकं काढली आणि, आईशप्पथ, आईच्या खोबरेलाची बाटली पॅडवर रिकामी केली! मी म्हटलं, "अण्णा, ब्रेक आहेत ते!" तर म्हणाले, "कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालतात ना? गप बस."

सर चालवायला बसले, अण्णा शेजारी, मी मागे. आमच्या घरासमोरचा उतार माहितीये ना? अर्ध्यात सरांनी ब्रेक दाबला.

"बघा, आहे का आवाज?" अण्णा खूश.

"अहो, थांबत पण नाहीये!"

मी मागून झेप घेऊन हँडब्रेक खेचला, तरी गाडी शिरलीच सावंतांच्या उकिरड्यात. खिडकी उघडी. सर चष्म्यावरचं शेण पुसत उतरले आणि म्हणाले, "आवाज मात्र खरंच नाही हो."

घरी आल्यावर अण्णांनी किल्ली माझ्याकडे फेकली. "आता कोण घेणार ही? ठेव तुलाच. आणि ते पॅड बदल."

बदलले रे कालच! चला, बसा, चक्कर मारू. फक्त काचा खाली ठेवा, वास गेला नाहीये अजून.